साधा पूर्ण काळ आणि चालू पूर्ण काळ (इंग्रजी व्याकरण)

साधा पूर्ण काळ आणि चालू पूर्ण काळ ही इंग्रजी व्याकरणातील पूर्ण काळाची दोन रूपे होत. दोन्ही रूपे आधी घडलेल्या किंवा आधी सुरू झालेल्या क्रियेचा संबंध नंतरच्या एखाद्या क्षणाशी, बहुधा बोलण्याच्या क्षणाशी, जोडतात. साधे रूप क्रियेकडे एक झालेली गोष्ट, तिचे फलित किंवा टिकून राहिलेली स्थिती म्हणून पाहते. चालू रूप तीच क्रिया तिच्या घडण्याच्या ओघात दाखवते आणि ती तडीस गेली की नाही याविषयी काहीही सांगत नाही. मराठी भाषकांना या दोहोंतील निवड अवघड जाते, कारण मराठी क्रियापदांची रूपे या रेषेवर विभागलेली नाहीत. इंग्रजी चालू पूर्ण काळाचे काम मराठीत कधी साधा वर्तमानकाळ, कधी अपूर्ण वर्तमानकाळ, तर कधी चक्क पूर्ण वर्तमानकाळ करतो.

या लेखातील बहुतेक उदाहरणे नाशिकमधील इंदिरानगर ही वस्ती आणि त्या शहरातील दैनंदिन व्यवहार यांवर बेतलेली आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरी लिपीत दिली आहेत.

रचना

साध्या पूर्ण काळात ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ या साहाय्यक क्रियापदापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप येते: ‘शी हॅज रिटन’. चालू पूर्ण काळात साहाय्यकानंतर ‘बीन’ आणि त्यापुढे ‘इंग’ प्रत्ययान्त रूप येते: ‘शी हॅज बीन रायटिंग’. ‘हॅव’च्या जागी ‘हॅड’ घातल्यास भूतकाळ आणि ‘विल हॅव’ घातल्यास भविष्यकाळ होतो. कर्मणी प्रयोगात चालू रूप तत्त्वतः शक्य असले, तरी ‘द रोड हॅज बीन बीइंग रिपेअर्ड’ अशी वाक्ये इतकी अवघडलेली वाटतात की ती जवळजवळ कोणी वापरत नाही; तेथे वाक्य कर्तरी करून घेतात.

दोहोंमध्ये साधे रूप कितीतरी अधिक वापरले जाते. चालू रूप लेखनापेक्षा संभाषणात आणि पत्रव्यवहारात जास्त भेटते. ते अर्वाचीन मात्र नाही. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या लेखनातही अशी रचना आढळते.

संज्ञा

मराठी माध्यमाच्या शाळांत या रूपांना अनुक्रमे पूर्ण वर्तमानकाळ आणि चालू पूर्ण वर्तमानकाळ असे म्हणतात. काही पुस्तकांत ‘चालू’ऐवजी ‘अपूर्ण’ हा शब्द असल्याने ‘अपूर्ण पूर्ण वर्तमानकाळ’ असे परस्परविरोधी भासणारे नाव तयार होते. घोटाळ्याचा उगम बऱ्याच अंशी या नावातच आहे. इंग्रजी संज्ञा ‘तडीस नेलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आली आहे. पण आजच्या इंग्रजीत तिचा अर्थ ‘क्रिया पुरी झाली’ असा नसून ‘मागची गोष्ट आताशी जोडलेली आहे’ असा आहे. विद्यार्थी ‘पूर्ण’ हा शब्द शब्दशः घेतो आणि अजून संपलेली नसलेली क्रिया या काळात बसतेच कशी, असा प्रश्न त्याला पडतो. तो प्रश्न रास्त आहे.

मराठी व्याकरणातही हीच परिभाषा रूढ आहे. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीची छाप होती. पुढे मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात मराठी क्रियारूपांचा फार बारकाईने विचार केला. नावे सारखी असली तरी मराठीचा पूर्ण वर्तमान आणि इंग्रजीचा पूर्ण वर्तमान यांची क्षेत्रे एकमेकांवर नेमकी बसत नाहीत.

फलित आणि ओघ

दोन्ही रूपांतील मूळ भेद गोदावरीच्या पुराच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. नाशिकमध्ये पुराची पातळी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगण्याची रीत आहे; पाणी पायाशी, कमरेला, छातीला किंवा गळ्यापर्यंत आले असे म्हणतात. ‘द वॉटर हॅज रीच्ड द वेस्ट ऑफ द स्टॅच्यू’ या वाक्यात पाणी कमरेपर्यंत पोहोचले ही गाठलेली मर्यादा सांगितली आहे, म्हणून साधे रूप. ‘द वॉटर हॅज बीन रायझिंग सिन्स मॉर्निंग’ या वाक्यात सकाळपासून चढणारे पाणी दिसते. ते कुठवर आले हे त्यात नाही, म्हणून चालू रूप. पाणी दोन फुटांनी वाढले असे सांगायचे झाल्यास पुन्हा साधे रूप लागते: ‘द वॉटर हॅज रिझन बाय टू फीट’. नदी तीच, वाढही तीच. मोजमाप आले की ओघ मागे पडतो.

यावरून एक उपयुक्त खूण मिळते. वाक्य ‘किती?’, ‘किती वेळा?’ किंवा ‘कुठवर?’ या प्रश्नांचे उत्तर देत असेल तर साधे रूप येते. ‘आय हॅव कॉल्ड हिम थ्री टाइम्स’, म्हणजे त्याला तीनदा फोन केला आहे. वाक्य ‘किती वेळ?’ किंवा ‘इतका वेळ काय चालले होते?’ याचे उत्तर देत असेल तर बहुधा चालू रूप येते: ‘आय हॅव बीन कॉलिंग हिम ऑल मॉर्निंग’. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ‘किती वेळ’ दिसले की डोळे मिटून ‘बीन’ घालावे, हा शिकवणी वर्गांतून पसरलेला नियम अपुरा आहे. त्याची कारणे पुढील विभागात आली आहेत.

साधे रूप पूर्ततेची हमी देते, चालू रूप देत नाही. एखाद्या सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘वी हॅव रिपेअर्ड द पाइपलाइन’ असे लिहिले असेल, तर जलवाहिनी दुरुस्त झाली आहे आणि नळ सोडून पाहण्यास हरकत नाही. ‘वी हॅव बीन रिपेअरिंग द पाइपलाइन’ असे असेल, तर दुरुस्तीचे काम चालले होते एवढेच कळते. रहिवाशाने पाणी भरून ठेवलेले बरे. कामाचा अहवाल किंवा ग्राहकाला उत्तर लिहिताना या एका शब्दाने आश्वासनाचे स्वरूप बदलते.

दवाखान्यात हा भेद अधिक गंभीर ठरतो. ‘ही हॅज टेकन द टॅब्लेट्स’ याचा अर्थ गोळ्या घेऊन झाल्या, म्हणजे ठरलेली मात्रा पोटात गेली. ‘ही हॅज बीन टेकिंग द टॅब्लेट्स’ याचा अर्थ गोळ्या नियमित चालू आहेत. मराठीत ‘त्यांना तीन महिन्यांपासून रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत’ असे सहज म्हटले जाते. परराज्यातील किंवा परदेशातील डॉक्टरला तेच सांगताना ‘ही हॅज बीन टेकिंग टॅब्लेट्स फॉर ब्लड प्रेशर फॉर थ्री मंथ्स’ असेच म्हणावे लागते. कालावधी न सांगता नुसते साधे रूप वापरले, तर आजची गोळी घेतली आहे की औषधे महिनोन्‌महिने चालू आहेत, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

नुकत्याच थांबलेल्या क्रियेची खूण समोर दिसत असेल तेव्हाही चालू रूप वापरतात. रस्ते ओले दिसले की ‘इट हॅज बीन रेनिंग’ म्हणतात. या क्षणी पाऊस पडत असलाच पाहिजे असे नाही. मराठीत येथे ‘पाऊस पडून गेलेला दिसतो’ असे म्हटले जाईल. याउलट काळाराम मंदिर पंचवटीत दोनशेहून अधिक वर्षे उभे आहे हे सांगताना ‘हॅज स्टूड’ हे साधे रूप अधिक स्वाभाविक होय. मंदिराच्या दारात तासभर ताटकळणाऱ्या भाविकाविषयी मात्र ‘हॅज बीन स्टँडिंग’ म्हणतात. चालू रूपाला तात्पुरतेपणाची छटा असते, आणि देवळाचे उभे असणे तात्पुरते नसते.

क्रियापदाचा प्रकार

अमेरिकी तत्त्वज्ञ झीनो वेंडलर यांनी १९५७ साली क्रियापदांचे स्थिती, व्यापार, सिद्धी आणि प्राप्ती अशा चार वर्गांत विभाजन मांडले. पूर्ण काळाची निवड समजण्यास ते अजूनही सोयीचे आहे.

जाणणे, असणे, मालकी असणे, आवडणे, विश्वास असणे ही स्थितिवाचक क्रियापदे सहसा चालू रूप घेत नाहीत, मग कालावधी कितीही सांगितलेला असो. ‘मी त्यांना वीस वर्षांपासून ओळखतो’ याचे इंग्रजी ‘आय हॅव नोन हिम फॉर ट्वेंटी इयर्स’ असे होते, ‘हॅव बीन नोइंग’ नव्हे. ‘किती वेळ’चा नियम येथेच मोडतो. इंदिरानगरमधील एखाद्या कुटुंबाकडे २०१० पासून एकच स्कूटर असेल, तर ‘दे हॅव हॅड द सेम स्कूटर सिन्स ट्वेंटी टेन’ असे साधे रूपच येते.

चालणे, वाट पाहणे, पोहणे, शिकवणे असे व्यापार दोन्ही रूपांत मोकळेपणी वावरतात. पत्र लिहिणे, फाटक रंगवणे अशा शेवट असलेल्या क्रियांत मात्र रूप बदलले की अर्थ बदलतो. ‘शी हॅज पेंटेड द गेट’ म्हणजे फाटक रंगवून झाले. ‘शी हॅज बीन पेंटिंग द गेट’ म्हणजे तिच्या हाताला रंग का लागला आहे याचे उत्तर मिळाले. फाटक अर्धेही असू शकते. फुटणे, सापडणे, पोहोचणे या क्षणात घडणाऱ्या क्रियांना चालू रूप दिल्यास एक तर वाक्य बिघडते, नाही तर पुनरावृत्तीचा अर्थ येतो. ‘ही हॅज ब्रोकन अ कप’ म्हणजे एक कप फुटला. ‘ही हॅज बीन ब्रेकिंग कप्स’ म्हणजे गेले काही दिवस तो कप फोडत सुटला आहे.

अनुभव सांगताना साधे रूपच येते. ‘आजवर खाल्लेल्यांत ही सर्वांत चांगली मिसळ’ हे ‘द बेस्ट मिसळ आय हॅव एव्हर ईटन’ असे होते. ‘कधीच नाही’, ‘ही तिसरी वेळ’, ‘आतापर्यंत’ यांच्याही सोबत साधे रूप बसते.

राहणे आणि काम करणे या क्रियापदांबाबत दोन्ही रूपे शुद्ध असून फरक सूक्ष्म आहे. ‘आय हॅव लिव्ह्ड इन इंदिरानगर फॉर टेन इयर्स’ आणि ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन इंदिरानगर फॉर टेन इयर्स’ या दोन्ही वाक्यांतील माणूस आजही तेथेच राहतो. पहिल्यात वास्तव्य स्थिर मानलेले आहे. दुसऱ्यात कालावधीवर जोर असून पुढे बदल संभवतो असे ध्वनित होऊ शकते. परीक्षेत यांपैकी एकच उत्तर बरोबर धरणे योग्य नाही. कालावधी काढून टाकला की मात्र वाटा वेगळ्या होतात: ‘आय हॅव लिव्ह्ड इन इंदिरानगर’ याचा अर्थ आयुष्यात कधीतरी तेथे राहिलो आहे, आज राहतोच असे नाही. नोकरीच्या अर्जात पूर्वीच्या आणि सध्याच्या कामाचा उल्लेख करताना हीच गफलत होते.

मराठीशी तुलना

‘मी दहा वर्षांपासून इंदिरानगरला राहतो’ हे वाक्य मराठीत साध्या वर्तमानकाळात आहे. ‘राहत आहे’ म्हटले तरी ते वर्तमानकाळातच राहते. क्रिया आज चालू आहे, एवढे मराठीला पुरते. ती मागून चालत आली आहे हे सांगण्याचे काम ‘पासून’ हा शब्द करतो. इंग्रजीत नुसत्या शब्दाने भागत नाही, क्रियापदालाही मागचा धागा दाखवावा लागतो. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे परिचित वाक्य या फरकातून जन्मते. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. मराठी ‘पासून’ हा ‘२०१५ पासून’ या आरंभबिंदूलाही लागतो आणि ‘दहा वर्षांपासून’ या लांबीलाही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘सिन्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘फॉर’ येतो. ही केवळ मराठीची गोष्ट नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही अशा ठिकाणी वर्तमानकाळ वापरतात आणि तेथील विद्यार्थीही इंग्रजी शिकताना याच जागी अडखळतात.

उलट दिशेची अडचण कमी चर्चिली जाते. मराठीत बसणे, झोपणे, उभे राहणे, कपडे घालणे यांचे पूर्ण रूप झालेल्या क्रियेपेक्षा त्यातून आलेली आजची अवस्था सांगते. ‘तो ओट्यावर बसला आहे’ याचा अर्थ तो आता बसलेल्या अवस्थेत आहे. इंग्रजीत ‘ही इज सिटिंग’. ‘ती दोन तासांपासून झोपली आहे’ याचे इंग्रजी ‘शी हॅज बीन स्लीपिंग फॉर टू अवर्स’ असे होते. म्हणजे मराठीत पूर्ण वर्तमान आणि इंग्रजीत चालू पूर्ण. ‘ओळखतो’ या वाक्यात याच्या नेमके उलटे होते: मराठीत साधा वर्तमान आणि इंग्रजीत साधा पूर्ण. एका भाषेतील प्रत्यय पाहून दुसऱ्या भाषेतील रूप ठरवण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी फसते ती अशी.

तरीही मराठीजवळ साधने नाहीत असे नाही. ती निराळ्या जागी आहेत. ‘त्या वीस वर्षे शिकवत आल्या आहेत’ या वाक्यातील ‘-त येणे’ ही संयुक्त रचना इंग्रजी चालू पूर्ण काळाच्या सर्वांत जवळची आहे. तीत आरंभ मागे आहे, ओघ आजपर्यंत पोहोचला आहे आणि शेवट सांगितलेला नाही. परंतु ही रचना दीर्घकाळच्या परिपाठासाठीच शोभते. ‘मी दहा मिनिटे बसची वाट पाहत आलो आहे’ असे कोणी म्हणत नाही. तेथे ‘दहा मिनिटे झाली, वाट पाहतो आहे’ असेच म्हणतात. इंग्रजीला वीस वर्षे आणि दहा मिनिटे यांत भेद करावासा वाटत नाही, दोन्हींना एकच रूप चालते.

साध्या पूर्ण काळाच्या बाजूला ‘-ऊन होणे’ ही रचना उपयोगी पडते. ‘माझे पुस्तक वाचून झाले आहे’ असे मराठीत म्हणता येत असेल, तर इंग्रजीत ‘आय हॅव रेड द बुक’ हे रूप निश्चित. ‘गेला आठवडाभर वाचतोय’ असा आशय असेल, तर ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’. शेवट असलेल्या क्रियांबाबत ही कसोटी सहसा दगा देत नाही. स्थितिवाचक क्रियापदांना ती लावता येत नाही, कारण ‘ओळखून झाले’ हा प्रयोगच वेगळ्या अर्थाचा आहे. अनुभवासाठी मराठीत ‘-लेला’ हे रूप येते: ‘मी त्र्यंबकेश्वरला गेलेलो आहे’. इंग्रजीत येथे ‘आय हॅव बीन टू त्र्यंबकेश्वर’ म्हणतात. ‘ही हॅज गॉन टू त्र्यंबकेश्वर’ म्हटल्यास तो तिकडे गेला असून अजून परतलेला नाही, असा अर्थ होतो. या ‘बीन’चा चालू रूपातील ‘बीन’शी गोंधळ करू नये, पुढे ‘इंग’ प्रत्ययान्त रूप नसेल तर ते साधे पूर्ण रूपच असते.

आणखी एक तफावत दिवंगत व्यक्तींविषयी लिहिताना जाणवते. ‘कुसुमाग्रजांनी नाटकेही लिहिली आहेत’ हे वाक्य मराठीत पूर्णतः स्वाभाविक आहे. इंग्रजीत मात्र १९९९ साली निधन पावलेल्या लेखकाविषयी ‘हॅज रिटन’ सहसा वापरत नाहीत. ‘रोट’ हा साधा भूतकाळ वापरतात, कारण पूर्ण वर्तमानात कर्त्याचा आजशी संबंध गृहीत असतो. ‘हॅज बीन रायटिंग’ तर केवळ हयात आणि लिहिता लेखक सुचवते. मराठी चरित्रलेखांच्या इंग्रजी भाषांतरांत ही चूक वारंवार दिसते.

भूत आणि भविष्य

भूतकाळात हाच भेद एक पायरी मागे सरकतो. ‘ब्रह्मगिरी चढत असल्यामुळे तो दमला होता’ यासाठी ‘ही हॅड बीन क्लाइंबिंग’, तर ‘दुपारपर्यंत त्याने ब्रह्मगिरी चढून पार केला होता’ यासाठी ‘ही हॅड क्लाइंब्ड’. भविष्यातील चालू रूप विरळा असून ते जवळजवळ नेहमी कालावधीसह येते: ‘बाय जून शी विल हॅव बीन टीचिंग फॉर टेन इयर्स’.

भारतीय इंग्रजी आणि अध्यापन

वर्तमानकाळाचे चालू रूप इंग्रजीच्या प्रमाण मर्यादेपलीकडे वापरण्याची सवय भारतीय इंग्रजीचे लक्षण म्हणून नोंदली गेली आहे. मुंबईचे इंग्रजी कवी निसीम एझिकेल, जे मराठीभाषक बेने इस्रायली समाजातील होते, यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत या सवयीचा विनोदी उपयोग केला. ती चूक मानावी की भारतीय बोलीचे वैशिष्ट्य, यावर मतभेद आहेत. घरगुती बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. औषधांचा इतिहास, करार किंवा नोकरीचा अर्ज यांत मात्र ऐकणारा प्रमाण इंग्रजीचाच अर्थ घेतो.

महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्याला वाक्य ठेवून शिकवण्याच्या त्या पद्धतीत काळांची रूपे पक्की होत, पण मराठी रूपाला एकच ठरलेले इंग्रजी रूप जोडण्याची सवयही लागे. सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि भर संभाषणाकडे वळला. तरीही गाळलेल्या जागा भरण्याच्या प्रश्नांत ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसताच ‘हॅज बीन’ लिहिण्याची युक्ती टिकून आहे. ‘शी ____ (नो) मी फॉर फाइव्ह इयर्स’ असा प्रश्न आला की ती युक्ती ‘हॅज बीन नोइंग’ असे उत्तर देते. योग्य उत्तर ‘हॅज नोन’ हे आहे.